पाळण्यात काय नसावे

लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यांतल्या जुन्या घरांची मांडणी ओळखीची आहे: खाली दुकान किंवा आडत, मागे कोठार, वर संसार. नांदेडच्या जुन्या मोंढ्यात आणि वजिराबादेतही असेच चित्र दिसते. नव्या वसाहतींत फ्लॅट उभे राहिले, तरुण पिढी तिकडे राहायला गेली, तरी अनेक व्यापारी कुटुंबांत बाळाचा पहिला पाळणा अजून अशाच जुन्या घरात हलतो. त्या घरात माणसांची उणीव नसते, मायेची नसते आणि सामानाचीही नसते.

बाळाची चाहूल लागली की ते सामान आणखी वाढते. आत्या दुपटी शिवते, मावशी टोपडी आणि कुंची करते, आजी जुन्या मऊ धोतराच्या पिशवीत राई भरून उशी तयार ठेवते. बारशाला आलेले पाहुणे झालरीच्या गाद्या, छोट्या उश्या आणि दोन्ही बाजूंना लावायचे तक्के असा रंगीत संच घेऊन येतात. ही सगळी माया हळूहळू पाळण्यात जाऊन बसते, आणि बाळाला जेमतेम जागा उरते. बालरोगतज्ज्ञांचे सांगणे याच्या नेमके उलट आहे. बाळ उताणे, खाली सपाट आणि घट्ट गादी, अंगात ऋतूला साजेसे सुती कपडे, आणि पाळण्यात दुसरे काहीही नाही. अपरिग्रह मोठ्यांना आयुष्यभर साधत नाही. तान्ह्याला मात्र तो पहिल्या दिवसापासून मानवतो.

यात आजीचा एक मोठा विजय आहे, तो आधी सांगितला पाहिजे. बाळाला पाठीवर झोपवावे हे पाश्चात्त्य वैद्यकाला पटायला फार वर्षे लागली. अमेरिकेतले डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनाचे पुस्तक जगभर वाचले जाई. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याच्या आवृत्त्यांत बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला होता. उताणे बाळ दूध ओकले तर ते श्वासनलिकेत जाईल, अशी त्यामागची भीती. ती ऐकायला पटते, पण शरीराची रचना वेगळे सांगते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध पुन्हा खाली उतरते. पालथ्या बाळात हा क्रम उलटा होतो. शिवाय पालथ्या बाळाचे नाक गादीत रुतते आणि स्वतःचीच सोडलेली हवा ते पुन्हा ओढत राहते. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळाला पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम चालली, आणि काही वर्षांतच झोपेतल्या अकस्मात बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. २००५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी जुने पुरावे पुन्हा तपासले. १९७० पर्यंतच्या माहितीचा एकत्रित विचार झाला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये १० हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५० हजार बाळे वाचली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्या सगळ्या काळात मराठवाड्यातल्या आज्या बाळाला उताणेच झोपवत होत्या. डोके गोल व्हावे एवढाच त्यांचा हेतू असे, पण कृती अगदी बरोबर होती. आज मात्र ‘पालथे झोपवले की गॅस सुटतो, बाळ शांत झोपते’ हा सल्ला शिकलेल्या घरांतही ऐकू येतो. पालथे बाळ गाढ झोपते हे खरे आहे, आणि धोका त्या गाढपणातच आहे. श्वास कोंडला तरी त्याला सहज जाग येत नाही. कुशीवर झोपवणेही तितकेसे भरवशाचे नाही, कारण कुशीवरचे बाळ सहज पालथे होते. बाळ दोन्ही बाजूंनी स्वतः वळू लागले की रात्री उठून त्याला सारखे सरळ करण्याची गरज राहत नाही. मात्र झोपवताना ते पाठीवरच ठेवावे.

राईच्या उशीची गोष्ट निराळी. तिच्यावर अनेक घरांची श्रद्धा आहे आणि ती घालणाऱ्या हातांचा अवमान कोणालाच करायचा नसतो. तरीही पहिल्या वर्षात पाळण्यात कोणतीच उशी नको, राईचीही नको. उशीमुळे मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्याची मऊ श्वासनलिका दबते. बाळाने मान वळवली तर नाक उशीत जाते. पिशवीची शिवण उसवली तर राईचे दाणे तोंडा-नाकात जातात. डोक्याला आकार देणाऱ्या अशा उश्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला आहे. डोके एका बाजूने चपटे होऊ नये यासाठी सोपा उपाय आहे. बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसून, त्याला दिवसातून काही वेळा थोडा वेळ पालथे खेळवावे, आणि रोज पाळण्यात डोक्याची दिशा बदलावी. हे काम आजोबांना सोपवले तर दोघांचाही वेळ बरा जातो.

गादीबद्दल कोणी फारसे बोलत नाही, पण तीही पाहून घ्यावी. बाळ येणार म्हणून पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा पिंजून घेण्याची रीत आहे. नुकती पिंजलेली गादी हाताला लोण्यासारखी लागते आणि नेमकी म्हणूनच ती बाळासाठी वाईट. वापरून बसलेली, पातळ, हात दाबला तर खड्डा न राहणारी गादी चांगली. लाकडी पाळण्याच्या फळीवर घडी घातलेली सतरंजी आणि वर ताणून खोचलेले सुती कापड, एवढेही पुरते. पेढीवरची बैठक हा तर खास व्यापारी घरांतला धोका आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना बाळाला पांढऱ्या गादीवर, लोड आणि तक्क्या यांच्या मध्ये निजवले जाते. लोड कलंडतो, बाळ फटीत सरकते, आणि वही-खात्यात मान घातलेल्या माणसाला आवाजही येत नाही. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन मोठ्या माणसाने झोपणे तर सर्वांत धोक्याच्या सवयींपैकी एक समजली जाते.

पांघरुणाच्या बाबतीत दोन खरी सत्ये एकमेकांसमोर उभी राहतात. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत थंडी हा मोठा शत्रू असतो, विशेषतः कमी वजनाच्या बाळांचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्या कामात बाळाला ऊबदार ठेवण्यालाही महत्त्वाचे स्थान होते. नवजात मृत्यूंत तिसऱ्या वर्षी ६२ टक्के घट झाल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे हीच पद्धत देशभर गेली. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, ती त्याच कामाची फलश्रुती. तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत किंवा पौषातल्या थंडीत डॉक्टरांनी टोपडे घालायला सांगितले तर घालावेच.

पण तोच नियम वैशाखात चालत नाही. नांदेड-लातूरचा पारा चाळीशी ओलांडतो, वीज जाते, आणि बाळाला मात्र झबले, लंगोट, दुपटे, कुंची अशा थरांत गुंडाळलेले असते. अति उष्णता हेही झोपेतल्या मृत्यूच्या जोखमीचे एक कारण आहे. बाळाची ऊब पाहायची तर हात-पाय नव्हे, मानेची मागची बाजू आणि पोट चाचपावे. घाम लागला तर एक थर कमी करावा. मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरतात त्याहून फार तर एक थर अधिक. हनुवटीखाली बांधायची कुंची, गळ्यातला काळा दोरा, ताईत हे झोपेच्या वेळी काढून ठेवावे. दृष्टीचा विषय असेल तर तीट आहेच, ती कुणाचा श्वास अडवत नाही. दुपट्यात बांधायचे असेल तर छातीपाशी सैल, पाय मोकळे, आणि बाळ वळण्याची खटपट करू लागले की ते बांधणे बंद. कूलर वापरताना पाळणा त्याच्यापासून लांब हवा. पत्र्याच्या कूलरमध्ये विजेचा प्रवाह उतरून होणारे अपघात मराठवाड्याला नवे नाहीत.

बाळंतिणीच्या खोलीतील शेकाचा प्रश्न याला जोडूनच येतो. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-वावडिंगाची धुरी, दारे-खिडक्या घट्ट बंद. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. मोठ्या माणसाला डोके जड वाटेपर्यंत तान्ह्याला तो कितीतरी अधिक बाधलेला असतो. आईला शेक द्यायचा असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरेशी आहे. शेगडी हवीच असा आग्रह असेल, तर बाळ दुसऱ्या खोलीत आणि खिडकी उघडी, एवढ्यावर तरी तडजोड व्हावी.

साडीची झोळी गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या घरात असते. रडणारे बाळ तिच्यात चटकन शांत होते, हे कोणी नाकारत नाही. पण झोळीत पाठ धनुष्यासारखी वाकते, हनुवटी छातीला लागते आणि दोन्ही बाजूंचे कापड तोंडाशी मिटते. थोडी मोठी भावंडे त्याच साडीत गोल गोल फिरतात आणि पीळ मानेभोवती बसतो. अशा दुर्घटनांची नोंद देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहे. झोळीत शांत करावे, डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवावे, आणि झोळी वर गुंडाळून टाकावी.

बाळ कोणाजवळ झोपावे, यावर आपल्या घरांत आणि परदेशी पुस्तकांत मतभेद आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते: निदान पहिले सहा महिने बाळ आईच्याच खोलीत असावे, पण त्याची झोपायची जागा वेगळी असावी. मराठवाड्यात आईच्या कुशीशिवाय तान्हे झोपवणे अनेकींना निष्ठुर वाटते, आणि रात्रीचे स्तनपान सोपे व्हावे ही अडचणही खरी आहे. स्तनपानाने हा धोका घटतो, हेही सिद्ध झालेले आहे. मधला मार्ग असा की पाळणा किंवा लहान गादी आईच्या हाताच्या अंतरावर लावावी; पाजताना जवळ घ्यावे, मग परत ठेवावे. आई झोपेच्या किंवा गुंगीच्या औषधावर असेल, घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल, तर एका अंथरुणात झोपणे टाळावेच. पलंग आणि भिंत यांमधली फट ही आणखी एक फसवी जागा. पडू नये म्हणून बाळाला भिंतीकडे ठेवतात आणि ते त्या फटीत अडकते. लग्नसराईत दिवाणखान्यात पंधरा माणसांच्या रांगेत बाळही झोपवले जाते. त्या रात्री तरी पाळणा आतल्या खोलीत न्यावा.

मोंढ्यातल्या घरांना एक धोका असा आहे, ज्याचा उल्लेख बालसंगोपनाच्या पुस्तकांत सापडत नाही. कोठारातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, म्हणजे सल्फासच्या, गोळ्या ठेवल्या जातात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. हा वायू पोत्यांपुरता राहत नाही. दाराखालून, जिन्यातून, भिंतीतल्या भेगांतून तो शेजारच्या आणि वरच्या खोल्यांत शिरतो. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो, पण झोपलेल्याला तो येईलच असे नाही. या विषावर उतारा नाही. देशात कुटुंबाच्या खोलीत किंवा शेजारी अशा गोळ्या ठेवल्याने मुले दगावल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. धुरीकरण प्रशिक्षित माणसाकडूनच व्हावे, आणि ज्या घराच्या खाली किंवा भिंतीला लागून ते होते, त्या घरातले बाळ कोठार उघडून पूर्ण हवा खेळेपर्यंत दुसरीकडे झोपावे. घरच्या डाळ-तांदळासाठी ऊन, कडुनिंबाचा पाला आणि थोडा थोडा साठा एवढे पुरे. शयनगृहात गोळी नको, एकही नको.

डासांच्या बाबतीत मात्र अहिंसा आणि वैद्यक यांचे पूर्ण एकमत आहे. बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मच्छरदाणी कोणालाच मारत नाही आणि कोणाचाच श्वास कोंडत नाही. ती ताणून, गादीखाली खोचून लावावी. सैल लोंबणारी जाळी बाळाच्या तोंडावर येते. दशवैकालिक सूत्रात चालणे, उभे राहणे, बसणे यांच्या बरोबरीने झोपणेही यतनेने करायला सांगितले आहे. साधु-साध्वी अंथरूण-वस्त्रांचे रोज पडिलेहण करतात. पाळण्याचेही तसे पडिलेहण रोज संध्याकाळी कोणीतरी करावे: दुपट्याची घडी, सुटलेला दोरा, विसरलेली सेफ्टी पिन, मुंग्या.

पाळण्याच्या आत पाहून झाले की वरही पाहावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली तेव्हा गणेश विसर्जन आटोपून गावे झोपेत होती; दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली हजारो माणसे झोपेतच गेली. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात झालेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. पाळणा टांगायचा आकडा मजबूत कडीत आहे का, वर जड तसबीर, फळीवरचे डबे, भिंतीला न बांधलेले कपाट आहे का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात.

कोठार असले की उंदीर असतात, आणि उंदरांमागे मांजर. ‘मांजर बाळाचा श्वास ओढते’ ही समजूत खोटी. पण मांजर ऊब शोधते आणि बाळाच्या तोंडाजवळ अंगाचे वेटोळे करून झोपते, एवढा त्यात सत्याचा अंश आहे. छत्रीसारखी मच्छरदाणी मांजराच्या वजनाने खाली बसते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. जुन्या घरांत असतो तसा जाळीचा दरवाजा बाळाच्या खोलीला असावा, म्हणजे हवाही खेळते आणि आवाजही येतो. पाळण्याची सवय मांजराला लागू नये म्हणून बाळ येण्याआधीपासूनच तो झाकून ठेवावा. उंदीर दुधाच्या वासावर येतात. बाळाचे तोंड, गाल, बोटे पुसून मगच झोपवावे.

पाळीव कुत्रा कितीही गुणी असला तरी झोपलेल्या बाळाबरोबर तो एकटा नको, दाराची कडी लावायला जाण्याएवढाही वेळ नको. बाळाचे अचानक रडणे आणि पाय झाडणे त्याला बिथरवू शकते. त्याचे रेबीजचे लसीकरण वेळेवर व्हावे. बाळाच्या अंगावर ओरखडा दिसला, किंवा जखमेवर प्राण्याने चाटले, तर जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आले नाही म्हणून थांबू नये. जीवदयेपोटी अनेक घरे दारात भटक्या कुत्र्यांना भाकरी घालतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे खाऊ घालण्याची जागा मुलांच्या वावरापासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी. भाकरीची जागा वीस पावले पुढे नेल्याने दया कमी होत नाही.

हे सारे एका घरापुरते असते तर सोपे होते. पण लेकीचे बाळंतपण नांदेडला माहेरी आणि सासर लातूरला, किंवा याच्या उलट, अशी असंख्य कुटुंबे आहेत. बाळ सव्वा महिन्याचे किंवा तिसऱ्या महिन्यात सासरी जाते. झोपेतल्या अकस्मात मृत्यूंचा धोका सर्वांत जास्त असतो तो दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात, म्हणजे नेमका या बदलाच्या वेळी. माहेरी लागलेली घडी सासरी अनोळखी असते, नव्या घरातल्या आजीची स्वतःची पद्धत असते, आणि सुनेला पहिल्याच दिवशी ‘उशी नको’ म्हणणे जड जाते. ते काम मुलाने करावे, आणि बाळ पोहोचण्यापूर्वी करावे. प्रवासात गाडीच्या खुर्चीत बाळाला झोप लागली तर घरी पोहोचताच त्याला उचलून सपाट जागी ठेवावे. बसल्या स्थितीत त्याची मान पुढे पडते. घरात कुत्रा असेल तर आठवडाभर आधी बाळाने वापरलेले एक न धुतलेले दुपटे त्याला हुंगायला द्यावे, आणि बाळाच्या खोलीचा जाळीचा दरवाजा त्याच दिवसापासून बंद ठेवायला सुरुवात करावी.